घरी पडून असलेल्या माणसाला हात कसा लावायचा: नव्याने सेवा करायला लागलेल्यांसाठी

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळतो तेव्हा हातात फाईल देतात, गोळ्यांची पिशवी देतात, कुठली सकाळी कुठली रात्री ते पेनाने लिहून देतात, आणि सिस्टर जाता जाता सांगते, दर दोन तासांनी कूस बदला आणि अंग पुसत जा. झालं. पण अंग पुसायचं कसं, माणसाला धरायचं कुठे, त्याला दुखतंय हे बोलता येत नसेल तर आपल्याला कळणार कसं, हे कुणी सांगत नाही. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझ्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढे त्यांचं सगळं घरीच केलं. तेव्हापासून ओळखीत कुणाकडे असं काही झालं की मला फोन येतो आणि मी तेच तेच सांगत बसतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

मला सांगायचंय ते एवढंच की आजारी माणसाला दिवसभर हात लागत असतात पण ते सगळे कामाचे असतात. कुणी डायपर बदलतंय, कुणी बीपी बघतंय, कुणी उचलतंय, कुणी सुई टोचतंय. नुसता मायेने पाठीवर ठेवलेला हात जवळजवळ संपूनच जातो. त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही, तो वेळ घरात कुणाकडेच नसतो. जी कामं करायचीच आहेत तीच करताना हात बदलायचा, आणि हे शिकता येतं, त्यासाठी नर्सिंगचा कोर्स लागत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. हात फिरवल्याने लकवा जात नाही, कॅन्सर बरा होत नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण दुखणं सुसह्य होतं, घाबरेपणा कमी होतो, झोप लागायला मदत होते. आपल्या त्वचेत, मुख्यतः कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर, पाठीवर, जिथे बारीक केस असतात तिथे, काही वेगळे मज्जातंतू असतात जे हळू आणि ऊबदार स्पर्शालाच सर्वात जास्त प्रतिसाद देतात. हात सेकंदाला साधारण ३ सेंटीमीटर या वेगाने फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात, फार भरभर फिरवला तर नाही आणि एका जागी नुसता ठेवला तरी तेवढे नाही. २०२४ साली १३७ अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा आला होता, त्यातही वेदना, चिंता, नैराश्य यात स्पर्शाने फरक पडतो असंच दिसलं, आणि मला सगळ्यात उपयोगाचं वाटलं ते हे की मोठ्या माणसांमध्ये एका वेळी किती वेळ यापेक्षा किती वेळा याने जास्त फरक पडत होता. म्हणजे रविवारी तासभर पाय चेपून द्यायचे आणि आठवडाभर फिरकायचं नाही, त्यापेक्षा रोज पाच मिनिटं.

लागणारं सामान

फार काही नाही. दोन छोट्या बादल्या किंवा टब, मऊ सुती कापडाचे बरेच तुकडे (जुनी सुती साडी किंवा धोतर फाडून केलेले सगळ्यात छान, नवा टॉवेल म्हाताऱ्या कातडीला खरखरीत लागतो), दोन मोठे टॉवेल, मेणकापड, आडवी घालायची एक जाड चादर, चार-पाच उशा, साधं खोबरेल तेल किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर, ग्लोव्हजचा डबा, नेलकटर. फाउलर बेड (डोक्याकडची-पायाकडची बाजू वर-खाली करता येणारा हॉस्पिटलसारखा पलंग) आणि एअर बेड (हवा भरलेली गादी) सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळतात, एकदम विकत घेऊ नका, किती दिवस लागेल ते आधी डॉक्टरांना विचारा.

जवळ ठेवायचे कागद

डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्डाची झेरॉक्स, आयुष्मान किंवा मेडिक्लेमचं कार्ड असेल तर ते. हे सगळं एका फाईलमध्ये, आणि फाईल बेडजवळ, कपाटात कुलूप लावून नाही. एक साधी शंभर पानी वही पण ठेवा, कूस कधी बदलली, लघवी-संडास कधी झाली, अंगावर कुठे लाल दिसलं हे लिहायला. घरात दोन-तीन माणसं आळीपाळीने करणार असतील तर या वहीशिवाय गोंधळ होणारच.

१. कुठे हात लावायचा नाही ते आधी विचारून घ्या

डॉक्टरांच्या पुढच्या व्हिजिटला हे प्रश्न लिहून न्या आणि सरळ विचारा, लाजू नका: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का (असतील तर जरा जोरात दाबलं तरी काळंनिळं पडतं), प्लेटलेट कमी आहेत का, हाडं ठिसूळ झालीत का किंवा कॅन्सर हाडात गेलाय का (तसं असेल तर चेपणं पूर्ण बंद, फक्त हात ठेवायचा), ऑपरेशनची जागा किती दिवस टाळायची.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, पोटरी दुखतेय किंवा लाल झालीय, तर त्याला तेल लावायचं नाही, चेपायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पडून असलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. आपल्याकडे पाय सुजला की पहिलं काय करतात तर कोमट तेल घेऊन बसतात, म्हणून हे दोनदा वाचा. दम लागला, छातीत दुखलं तर १०८ लावा.

नागीण झालेल्या माणसाला कपड्याचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही, त्या भागाला अजिबात हात नको.

२. आपले हात

नखं कापा. अंगठी, कडं, घड्याळ काढा, बायकांनी बांगड्या मागे सारा किंवा काढा, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ होते आणि अंगठीच्या खड्याने सहज सोलवटते. साबणाने हात नीट धुवायचे, चाळीस सेकंद तरी, बोटांच्या फटीत आणि अंगठ्याला विसरायचं नाही. मग हात गरम करायचे. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी माहितीये ना, नळाच्या पाण्याने हात धुवून तसेच पाठीला लावले तर धडधाकट माणूस दचकेल. कोमट पाण्यात बुडवा, कोरडे करा, एकमेकांवर चोळा, मग लावा.

ग्लोव्हज संडास-लघवी, जखम, रक्त यासाठी. काम झालं की काढून टाकायचे आणि हात धुवायचे. काही घरांत, आणि ब्युरोतून (घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून) आलेली माणसं तर बऱ्याचदा, सकाळी ग्लोव्हज घालतात ते दुपारपर्यंत तसेच, त्याच ग्लोव्हजने भरवतातही. त्यात घाण सगळीकडे पसरते, आणि दिवसभर रबराचाच हात लागला तर त्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार करा.

३. समोरून या, सांगा, थांबा

मागून किंवा झोपेत असताना एकदम हात लावायचा नाही. समोर यायचं, शक्यतो त्यांच्या नजरेच्या उंचीला, म्हणजे खुर्ची ओढून बसायचं किंवा वाकायचं, नावाने किंवा नात्याने हाक मारायची, काय करणार ते एका वाक्यात सांगायचं आणि दोन क्षण थांबायचं. "नाना, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतो हं." मग पहिला हात खांद्यावर किंवा दंडावर, पूर्ण तळवा टेकवून. बोटांच्या टोकांनी नाही. बोटांनी धरलं की माणसाला चिमटल्यासारखं वाटतं, तळव्याने धरलं की आधार वाटतो. हात ठेवला की लगेच ओढू नका, एक श्वास जाऊ द्या.

आमच्याकडे काही दिवस ब्युरोतून एक मावशी यायच्या, त्यांचं बघून हे मी शिकलो. नानांना वळवायच्या आधी त्या पाठीच्या फऱ्यावर हात ठेवायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. नानांचा खांदा सैल पडला की मगच वळवायच्या. एवढ्याशा बाईला नव्वद किलोचा माणूस वळवायला जोर लागायचा नाही कारण नाना अंग आखडूनच घ्यायचे नाहीत. तेच घाईघाईत कुणी वळवायला गेलं की पूर्ण अंग लाकूड.

बेशुद्ध असेल, बोलत नसेल तरी सांगायचंच. ऐकू येत नसेल असं आपण ठरवायचं नाही.

४. हो की नाही ते अंगावरून ओळखा

बोलता येत असेल तर विचारा, हात फिरवू का, इथे बरं वाटतं का. नको म्हणाले तर नको, त्यात अपमान मानायचा नाही, काही माणसांना जन्मभर अंगाला हात लावलेला आवडलेला नसतो, ती आजारी पडल्यावर बदलत नाहीत. बोलता येत नसेल तर बघा: कपाळाला आठी, खांदे कानाकडे चढलेले, मूठ वळलेली, डोळे घट्ट मिटलेले, श्वास अडकल्यासारखा, म्हणजे थांबा. श्वास लांब झाला, बोटं उघडली, जबडा सैल पडला, म्हणजे चालू द्या.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे ती म्हणजे सवयच नसते. मुलगा वडिलांच्या पाया पडेल पण हातात हात घेऊन बसणार नाही, बऱ्याच घरांत मोठं झाल्यावर बाप-लेकाचा स्पर्श म्हणजे दसऱ्याला सोनं देताना वाकून केलेला नमस्कार तेवढाच. मग आजारपणात एकदम हात हातात घ्यायचा तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. त्यावर उपाय म्हणजे कामातून सुरुवात करा. नखं कापून द्या. दाढी करून द्या. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवा. केसांना तेल थापून विंचरून द्या. या निमित्ताने हात लागतो आणि कुणालाच काही बोलावं लागत नाही, आठ-दहा दिवसांत अवघडलेपण जातं.

५. अंग पुसणं

हे सगळ्यात मोठं काम आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. नीट केलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

खिडक्या लावा, पंखा बंद करा. पाणी कोमट, आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, बोटांना कळत नाही. मधुमेह असेल किंवा लकव्याची बाजू असेल तर त्यांना चटका कळतच नाही, म्हणून पाण्याचा अंदाज आपणच घ्यायचा, आणि याच कारणासाठी गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही.

पूर्ण अंग उघडं करायचं नाही, कधीच नाही. वरून चादर असू द्या, जेवढा भाग पुसायचा तेवढाच बाहेर काढा, पुसा, टिपून कोरडा करा, झाका, मग पुढचा. क्रम असा: डोळे (साबण नको, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाची वेगळी बाजू), चेहरा, कानामागे, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ. गुप्तांग शेवटी, वेगळ्या कापडाने आणि बदललेल्या पाण्याने, बायकांचं पुढून मागे. घासायचं नाही. लांब आणि सलग हात फिरवायचा, कोपरापासून मनगटापर्यंत यायला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत, सुरुवातीला फार हळू वाटेल पण तोच वेग बरोबर आहे. बाजूला भजन चालू ठेवलं तर हाताला आपोआप लय येते.

काख, छातीखाली, जांघ, बोटांच्या फटी इथे ओल राहिली की बुरशी होते, तिथे टिपून कोरडं करा. पावडरचे थर देऊ नका, घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. पाठीला स्पिरिट चोळायची जुनी पद्धत अजून बरेच जण सांगतात, ती सोडून द्या, स्पिरिटने कातडी कोरडी पडून फुटते.

लकव्याच्या बाजूची मूठ हे मला मुद्दाम सांगायचंय. नानांची डावी मूठ कायम घट्ट वळलेली असायची, आत घामाने चिकट व्हायचं, आंबूस वास यायचा, चादरीचे धागे अडकलेले असायचे आणि नखं तळव्यात रुतायची. अशी मूठ बोटं ओढून उघडायची नाही, जितकं ओढाल तितकी ती घट्ट होते आणि दुखतं. कोमट ओला रुमाल मुठीभोवती गुंडाळून दोन-तीन मिनिटं ठेवा. मग मनगट हळूच आतल्या बाजूला, तळव्याकडे वाकवा, त्याने बोटांच्या शिरा ढिल्या पडतात. मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या, टोकाला धरून नाही. अंगठा सुटला की बाकीची बोटं जवळजवळ आपणहून उघडतात. आतून पुसा, कोरडं करा, नखं बघा. नंतर मऊ कापडाची गुंडाळी ठेवायची की नाही ते फिजिओथेरपिस्टला विचारा, प्रत्येकाचं वेगळं असतं. हे चालू असताना सांगत राहायचं, "हा तुमचा डावा हात, आता अंगठा उघडतोय." लकव्यानंतर काही माणसं ती बाजू आपली आहे हेच विसरतात, रोज हात लावून आणि नाव घेऊन ती बाजू त्यांच्या लक्षात आणून द्यावी लागते.

६. कूस बदलणं

दर दोन तासांनी, रात्रीही. एअर बेड आहे म्हणून सुट्टी नाही, हा फार मोठा गैरसमज आहे. बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम, एकदा झाला की भरायला महिने जातात.

काखेत हात घालून किंवा लकव्याचा हात धरून ओढायचं नाही, तो खांदा आधीच सैल झालेला असतो, निसटतो, आणि मग आयुष्यभराचं दुखणं. अंगाखाली आडवी घातलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि उचलून सरकवायचं, फरफटवायचं नाही. लघवीची पिशवी, नाकाची नळी, सलाइन काही असेल तर ते आधी सोडवून घ्या, पिशवी कायम कमरेच्या खालच्या पातळीला आणि जमिनीला न टेकवता. पूर्ण नव्वद अंशात कुशीवर नको, साधारण ३० अंश, पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

प्रत्येक वेळी वळवलं की माकडहाड, कमरेचं हाड, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू बघा. लाल दिसलं तर बोटाने दाबा: पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, दाबूनही लालच राहिलं तर जखम सुरू झालीय, त्या बाजूवर झोपवायचं नाही, डॉक्टरांना सांगा. आपल्या सावळ्या कातडीवर लाल नीट दिसत नाही, म्हणून हाताने बघा, आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक किंवा एकदम पिचपिचीत लागतं का, रंग गडद झालाय का. आणि अशी जागा चोळायची नाही! रक्त खेळतं राहावं म्हणून तिथेच तेल लावून मसाज करतात, त्याने आतलं मांस अजून फाटतं. ग्लोव्हजमध्ये पाणी भरून टाचेखाली ठेवणं, मध्ये भोक असलेली गोल ट्यूब माकडहाडाखाली देणं, हेही नको, त्याने दाब जात नाही, कडेला सरकतो.

७. तेल आणि पाय चेपणं

वरच्या सगळ्या गोष्टी बघून झाल्या आणि डॉक्टरांचं हो असेल तर हे जरूर करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना याच्याइतकं सुख दुसऱ्या कशात नसतं. रात्री झोपायच्या आधी. तेल आधी आपल्या तळव्यावर, मग त्यांच्या अंगाला. पायाच्या बोटांच्या फटीत तेल नको. टाचांना आणि नडग्यांना थंडीत रोज.

काशाची वाटी आपल्या भांडी बाजारात मिळते, तूप किंवा तेल लावून तळपायाला फिरवतात, झोप चांगली लागते असा पुष्कळांचा अनुभव आहे. पण मधुमेहात पायाची जाणीव गेली असेल, भेगा किंवा जखम असेल तर वाटी नको, नुसता हात. आणि जे माणूस थोडं फार चालतं त्याचे तळवे नंतर नीट पुसा, तेलकट पायाने फरशीवर घसरून खुबा मोडतो.

८. लाज

डायपर बदलताना, संडास साफ करताना आजारी माणसाला काय वाटतं हे त्याच्या डोळ्यांत दिसतं. आईचं मुलाने करायचं, सासऱ्यांचं सुनेने करायचं, आपल्याकडे हे सोपं नाही. शक्य असेल तर त्यांनाच विचारा कुणी केलेलं चालेल. पुरुषासाठी मामा आणि बाईसाठी मावशी ठेवता आली तर उत्तम. नाही जमलं तर जे करतंय त्याने दार लावायचं, वरून टॉवेल टाकायचा, हात टॉवेलखालून चालवायचा. नाकाला पदर लावायचा नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, वास सहन होत नसेल तर मास्क लावा. त्या वेळी शेजारणीला फोनवर "आज तिसऱ्यांदा झाली" असं सांगत बसायचं नाही, हे खरंच बघितलंय म्हणून लिहितोय. आणि काम झाल्यावर लगेच निघून जाऊ नका. हात धुवून या, चादर नीट करा, डोक्यावरून एकदा हात फिरवा. माणसाला कळतं की आपली किळस आलेली नाही.

९. विसरायला लागलेल्या माणसाला

डिमेन्शिया असेल तर वरचं सगळं अजून हळू. मनगट धरून कधी ओढू नका, त्यांना वाटतं कुणीतरी पकडतंय, मग ते मारतात, ओरबाडतात. त्याऐवजी आपला तळवा वर करून पुढे धरा, त्यांना त्यावर हात ठेवू द्या. घास भरवताना, तोंड पुसताना आपला हात खाली आणि त्यांचा वर असला की त्यांना वाटतं आपणच करतोय, विरोध कमी होतो. संध्याकाळी बरेच जण बिथरतात, आंघोळ-पुसणं सकाळीच उरका. नाहीच म्हणाले तर सोडून द्या आणि दहा मिनिटांनी परत या. हाताला चाळा लागतो, जुन्या लुगड्यांची गोधडी मांडीवर द्या, तिचे टाके चाचपत शांत बसतात.

१०. ब्युरोतून माणूस ठेवताना

आधार कार्ड, फोटो, सध्याचा पत्ता घ्या, पोलिस व्हेरिफिकेशन करून घ्या, ब्युरोशी ठरलेलं सगळं (किती तास, सुट्टी, बदली माणूस कोण) लिहून घ्या, ॲडव्हान्सची पावती मागा. हे सगळेच सांगतात. मी म्हणतो पहिल्या दिवशी त्यांचा हात बघा. एकदा कूस बदलायला सांगा आणि बाजूला उभे राहा. पेशंटला सांगितलं का आधी? चादर झाकली का? धरलं कुठे? अनुभव किती वर्षांचा यापेक्षा हे बघा, बाकी शिकवता येतं. नंतरही अंगावर बोटांचे वण, काळंनिळं दिसलं किंवा ते माणूस आलं की पेशंट आक्रसतो असं वाटलं तर चौकशी करा, दुर्लक्ष नको.

चांगलं माणूस मिळालं तर मात्र त्यांना चहा-जेवण वेळेवर द्या, बसायला खुर्ची द्या, घरातल्यासारखं वागवा.

११. शेवटचे दिवस

डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हटलं तरी हाताला काम असतं. ओठ ओल्या कापसाने पुसत राहायचे, उशी सारखी करायची, हात धरून बसायचं. हात वरून दाबून धरू नका, आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवा म्हणजे त्यांना काढून घ्यावासा वाटला तर काढता येतो. या काळात हातपाय गार पडतात, चोळून गरम करायचा अट्टहास नको, पातळ पांघरूण पुरे. भेटायला नातेवाईक येतात आणि बेडपासून चार फुटांवर उभे राहून आपापसात बोलत बसतात, त्यांना खुर्ची पुढे सरकवून द्या, सांगा, मावशी, या इथे, धरा हात. लहान नातवंडांना पण येऊ द्या, जबरदस्ती नको. वेदना जास्त असतील तर पॅलिएटिव्ह केअरबद्दल (आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारे उपचार) आपल्या डॉक्टरांना किंवा सिव्हिल हॉस्पिटलला विचारा, दुखणं कमी करायची औषधं असतात आणि ती मिळायलाच हवीत, हाताने सगळं होत नाही.

१२. तुमचं काय

एकाच माणसाने सगळं करायचं नाही. रात्रीची पाळी वाटून घ्या, पुण्या-मुंबईला असलेल्या भावंडांना पैसे पाठवून सुटू देऊ नका, महिन्यातून दोन दिवस तरी येऊन हाताने करायला लावा, त्यांनाही ते हवंच असतं. वाकून काम करू नका, बेड उंच करा किंवा गुडघे वाकवा, नाहीतर दोन महिन्यांत तुमची कंबर जाईल. चिडचिड झाली, हात जोरात पडायला लागला असं जाणवलं तर त्या क्षणी बाहेर जा, दुसऱ्याला पाठवा. जे दिवसभर दुसऱ्याचं करतंय त्याच्या पाठीवरून कुणी हात फिरवत नाही, घरातल्या बाकीच्यांनी हे वाचत असाल तर आज रात्री त्या माणसाचेही खांदे चेपून द्या.

फार कोंडल्यासारखं झालं तर टेली-मानसचा (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ नंबर आहे, कधीही लावा, मराठीत बोलता येतं. आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, मार्गदर्शन हवं असेल किंवा कुठे म्हाताऱ्या माणसाचे हाल होताना दिसत असतील तरी इथेच फोन करायचा. दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, फॅमिली डॉक्टरांच्या नंबराखाली.